किमानाच्या खाली

‘आपले यंत्र या खेळाच्या किमान आवश्यकता पूर्ण करीत नाही. त्यामुळे हा खेळ या यंत्रावर चालू शकत नाही.’

संपादिकेने पडद्यावरची ही दोन वाक्ये पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि लाल पेनाचे टोपण काढले. वाक्यांखाली एकच बटण होते : ‘ठीक आहे’. ते तिने दाबले नव्हते, कारण काहीच ठीक नव्हते.

पहिल्या वाक्यात तिने ‘आवश्यकता’ या शब्दाखाली रेघ ओढली. आवश्यकता कोणाची? खेळाची, असे वाक्य म्हणते. पण खेळाला कसली आलीय आवश्यकता. ती खेळणाऱ्याला असते, आणि तिच्याविषयी या वाक्याने सभ्य मौन पाळले होते. दुसऱ्या वाक्यातील ‘त्यामुळे’ तिला निव्वळ उद्धट वाटले. पहिले विधान मोजमापाचे, दुसरे भविष्यकथनाचे, आणि दोहोंना जोडायला पुराव्याऐवजी एक अव्यय. जुन्या पोथ्यांमधले पाठभेद जुळवण्यात तिची हयात गेली होती. लेखकाने स्वतः काही तपासलेले नसते, नेमके त्याच जागी असे ‘त्यामुळे’ उगवते, हे तिला पक्के ठाऊक होते. समासात तिने लिहिले : ‘आधार काय?’

आधार कोणाला विचारायचा, हेही ठाऊक होते. ज्या कंपनीने हा खेळ बनवला तिथे चाचणी विभागाचा प्रमुख तिचा धाकटा भाऊ होता. किमान काय ते ठरवणारा तोच, आणि ते वाक्य मराठीत आणणाराही तोच. तिने फोन लावला.

“ताई, ते मशीन आहे की उत्खनन? त्याच्यावर आमचा गेम टाकतेस?”

“चालू शकत नाही, असं तू लिहिलंयस. चालवून बघितलं होतंस?”

“अगं, मिनिमम म्हणजे मिनिमम. त्याला काय बघायचंय?”

“मी अर्थ नाही विचारला. आधार विचारला.”

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने “आलो, आलो” म्हटले आणि मग आवाज मऊ केला. “हे बघ, मी नवीन कॉम्प्युटर पाठवतो. सोमवारी घरपोच येईल. विषय संपला.”

“नको.”

“का?”

“विषय संपेल म्हणून.”

तो हसला. ताईचे बोलणे असेच वाकडे असते, हे त्याने लहानपणीच गृहीत धरले होते, आणि गृहीत धरलेली गोष्ट पुन्हा तपासण्याची त्याला सवय नव्हती. पाठवणे त्याला छान जमे. बायकोने गेल्या वर्षी मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात बिऱ्हाड केले, तेव्हाही त्याने मुलीसाठी बाजारातले सर्वांत ताकदवान यंत्र पाठवले होते, मोठा पडदा पाठवला होता, पाठीला त्रास होऊ नये म्हणून खुर्ची पाठवली होती. जाण्याचे तेवढे राहून गेले. नवरा-बायकोने वेगळे होताना जो करार केला त्यात ‘महिन्यातून किमान एक भेट’ असे शब्द होते. संपादिकेने तो करार वाचला होता आणि तिला त्यात काही खटकले नव्हते. खटकले ते भावाने केलेले वाचन. त्याने ‘किमान एक’ हे ‘फार तर एक’ असे वाचले, आणि पुढे पुढे तेही गाळले. भाषा न येणाऱ्याने असा घोळ केला तर हसून सोडता येते. याची मातृभाषा मराठी होती.

मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण लिहायला लागल्यापासून तिचे अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक होते. मुंगीने दोन ऋतूंपासून कोणाचाही फोन घेतला नव्हता. संपादिकेने चिकाटी सोडली नाही तेव्हा मोबाइलवर एक लेखी निरोप आला होता :

‘फोनवर सगळे आईचं विचारतात. तू पण. फोन नको. बेटावर ये. मी तिथे घर बांधलंय.’

बेट म्हणजे हा खेळ. त्यात माणसे दुरून येतात, जमीन घेतात, घरे बांधतात, एकमेकांकडे जातात. निरोपातले बाकी सारे संपादिकेला कळले. ‘तू पण’ हे दोन शब्द मात्र तिने पुनःपुन्हा वाचले, आणि त्यांवर लाल पेन चालवण्यासारखे काही सापडले नाही. ते खरे होते. तिने लिहिले की तिचे यंत्र म्हातारे आहे, बेटावर पोचणार नाही. उत्तर लगेच आले :

‘किमान येऊन तरी बघ.’

हाच शब्द बापाच्या वाक्यात आडकाठीसारखा उभा होता आणि पोरीच्या वाक्यात त्याने हात पुढे केला होता. ही पोर आता फोन घेत नव्हती. बेटही हुकले तर ती निरोपही बंद करील, आणि मग घरातल्या कोणापाशी तिच्याकडे जायला वाटच उरणार नाही. संपादिकेने तो पाठकोरा कागद घडी करून बाजूला ठेवला आणि मुंगीला कळवले की यंत्र येऊ देत नाही, काय करू.

‘ठीक आहे दाबू नकोस,’ मुंगीने लिहिले. ‘तो वॉचमन आहे. त्याला विचारायचंच नाही. गेमच्या फोल्डरमध्ये जा, आत खरी फाइल आहे, ती सरळ उघड.’

संपादिका मागल्या दाराने आत शिरली. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला. मग त्यावर समुद्राचा एक तुकडा उमटला, बोटभर सरकला आणि थिजला. यंत्राच्या पोटातून पाट्यावरवंट्यासारखा आवाज येऊ लागला.

‘समुद्र दिसला आणि बंद पडला.’

‘म्हणजे चालतो. आता हलका करू.’

अधिकृत विधानाचा निकाल इथेच लागला होता. ‘चालू शकत नाही’ हे असत्य होते. ‘वाईट चालतो’ एवढेच सत्य होते, आणि वाईट चालणाऱ्या गोष्टींचे काय करायचे हे संपादिकेला शिकवावे लागत नव्हते.

मुंगीच्या सांगण्यावरून तिने खेळाची सेटिंगची फाइल उघडली. उघडली ती मात्र सवयीने, स्वतःच्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये, आणि समोर इंग्रजीऐवजी देवनागरीचा पालापाचोळा पसरला : ‘द्मण्ठ्ठड्डदृध्’. दुसरे कोणी असते तर फाइल बिघडली म्हणून घाबरले असते. संपादिकेला हसू आले. तिचा फॉन्ट त्या काळातला होता जेव्हा यंत्राला मराठी येत नसे. यंत्र आत रोमन अक्षरे साठवी आणि वर देवनागरीचा मुखवटा चढवी. त्यामुळे तिचे सारे संपादन नव्या यंत्रावर रोमन कचरा होऊन पडे, आणि म्हणून तर हे जुने यंत्र तिने सोडले नव्हते. आता उलटे झाले होते : अस्सल इंग्रजीवर मुखवटा चढला होता. कोणत्या कळेखाली कोणते अक्षर दडले आहे हे तिच्या बोटांना पाठ होते. ‘द्म’ म्हणजे एस, ‘ठ्ठ’ म्हणजे ए. तिने तो शब्द सावकाश सोडवला : ‘शॅडो’. सावली.

मग काम तिच्या हाताला ओळखीचे वाटू लागले. मूळ ग्रंथावर पुढच्या पिढ्या आपली भर घालत जातात, त्याला प्रक्षेप म्हणतात. संपादकाने ते एकेक काढायचे आणि मूळ संहितेपर्यंत पोचायचे. इथे सावल्या हा प्रक्षेप होता, पाण्यातली प्रतिबिंबे हा प्रक्षेप होता. तिने त्यांच्यापुढे शून्य लिहिले.

‘धुकं?’ तिने विचारले.

‘धुकं ठेव थोडं. धुक्यामुळे लांबचं दिसायची गरज पडत नाही, मशीनला बरं असतं.’

‘गवत?’

‘उपट.’

‘झाडं काढू?’

‘पानं काढ. खोडं ठेव, नाहीतर आपटशील.’

‘आकाश?’

‘आकाश कशाला हवंय? आपण घरात बसणार.’

यंत्र तापले होते. त्याच्या पोटात तिची आवृत्ती होती, एका अप्रसिद्ध कवीची, जवळपास पुरी झालेली. छापून ठेवलेली प्रत जुनी होती आणि अलीकडच्या दुरुस्त्या आतच होत्या. संपादिकेने झाकणावर तळहात ठेवला, ताप पाहावा तसा. मग स्क्रूड्रायव्हर आणून बाजूचे झाकण काढले, बाहेरच्या खोलीतला टेबलफॅन आणून उघड्या पोटासमोर लावला आणि खेळ पुन्हा सुरू केला. कवी इतकी शतके थांबला होता. मुंगी थांबली नसती.

या वेळी समुद्र सरकला. अडखळत, दचके खात, पण सरकला. किनारा आला : राखाडी, गुळगुळीत, ज्यावर काठ्या रोवाव्यात तशी खोडे उभी. वर काही नव्हते. कळ दाबली की क्षणभराने पाऊल पडे, जणू पाय तिचा आणि इच्छा दुसऱ्या कोणाची. राखाडीतून एक छोटी आकृती आली आणि तिच्याभोवती गोल फिरली. डोक्यावर नाव होते.

संपादिकेने आनंदाने एक वाक्य टाइप केले. ते अर्थातच तिच्या फॉन्टच्या सवयीने गेले.

‘हे काय लिहिलंस? कीबोर्डवर मांजर बसलं का?’

मुंगीचे हे वाक्य रोमन अक्षरांत होते. बेटावरच्या गप्पांत दुसरी लिपी उमटत नव्हती. मराठी रोमन लिपीत लिहिणे ही भाषेची विटंबना आहे, असे संपादिकेने जाहीर सभेत म्हटले होते, छापले होते, आणि खुद्द मुंगीचे तसले निरोप ‘आधी नीट लिही, मग उत्तर देते’ म्हणून परत पाठवले होते. तिची बोटे कळांवर थोडा वेळ थांबली. मग तिने एकेक रोमन अक्षर शोधत लिहिले : ‘आले गं. दाखव घर.’

‘आत्या!!! तू असं लिहिलंस!’

‘बोलू नकोस त्याबद्दल. चल.’

घराचे चित्र मुंगीने मागे एकदा पाठवले होते. दारात कारंजे, गच्चीभर दिवे, वेलींनी झाकलेल्या कमानी. डोळे दिपावेत असे. संपादिका मुंगीच्या मागून चढण चढली आणि दारातून आत गेली. आत चार भिंती होत्या. मध्ये एक बाक. बाकी काही नव्हते.

तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. पडदा प्रत्येक वेळी दम खाऊन वळे. कारंज्याच्या जागी सपाट जमीन. दिवे नाहीत, कमानी नाहीत. इतके सगळे काढताना आपण कुठेतरी मूळ संहितेलाच कात्री लावली, असे तिला वाटले, आणि ज्या चुकीबद्दल तिने इतर संपादकांना कधी क्षमा केली नव्हती ती स्वतःच्या हातून घडल्याच्या खात्रीने तिने लिहिले :

‘मुंगे, माझ्या यंत्राने तुझं घर गाळलं. मला काहीच दिसत नाही. बाक दिसतो फक्त.’

‘बाकच आहे.’

‘कारंजं?’

‘मी काढलं. दिवे पण. तुझ्या मशीनला जड झालं असतं.’

संपादिकेने चष्मा काढला आणि पदराने पुसला. टेबलफॅन मान हलवत यंत्राला वारा घालत होता. लोप नव्हता, हाच मूळ पाठ होता, लेखिकेच्या हातचा, जाणूनबुजून असा लिहिलेला.

‘बस ना,’ मुंगीने लिहिले. ‘एक्सची कळ दाब.’

त्या दोघी बाकावर बसल्या. संपादिकेने आईचे काही विचारले नाही. मुंगीने शाळेतल्या एका शिक्षिकेची नक्कल लिहून दाखवली, जी लिहिण्यात निम्मी वाया गेली तरी पुरेशी होती. उठताना मुंगी म्हणाली :

‘पप्पांनी तर लिहिलंय तुझ्या मशीनवर चालणारच नाही. किमान कसं ठरवतात गं?’

‘माहीत नाही. विचारते.’

‘पप्पांनाच विचार. पुढच्या शनिवारी सांग.’

संपादिकेने भावाला फोन केला, आणि वर्षभर वापरलेली सारी वाक्ये या खेपेला टाळली. लेकीची आठवण, बापाचे कर्तव्य, लोक काय म्हणतील, यातले काहीही ती बोलली नाही. ती एवढेच म्हणाली :

“तुझा खेळ माझ्या मशीनवर चालतो.”

“शक्य नाही.”

“बरं.”

“ताई, शक्यच नाही. ते ग्राफिक्स कार्ड त्याला उचलूच शकत नाही. तू दुसरंच काहीतरी उघडून बसली असशील.”

“असेन. शनिवारी दुपारी मुंगी मला तिथे भेटते. खात्री करायची तर ये, नाहीतर राहू दे.”

मायेने जो माणूस हलला नव्हता तो शंकेने हलला. शनिवारी जेवणे होतात न होतात तोच तो दारात उभा होता. चप्पल काढता काढताच त्याची नजर आतल्या खोलीतल्या उघड्या यंत्राकडे आणि त्याच्यासमोर फिरणाऱ्या पंख्याकडे गेली.

“हे काय, आयसीयू?”

“पेशंट बोलतोय. बस.”

तो खुर्चीत बसला. पडद्यावर राखाडी बेट होते. त्याने माउस हलवला, खाली वाकून यंत्राच्या आत पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले. चेहऱ्यावर प्रथम संशय होता, मग एखाद्या कुशल माणसाला दुसऱ्याच्या कारागिरीत काहीतरी सापडावे तशी अनिच्छुक उत्सुकता.

“आकाश कुठाय?”

“काढलं.”

“गवत, सावल्या... सगळंच काढलंस. हा आमचा गेमच नाही, ताई.”

“हीच संहिता. तुमच्याकडे आहे ती टीकाटिप्पणीसकट.”

“आणि याला चालणं म्हणत नाहीत. हे रांगतंय.”

“तूही आधी रांगलास.”

राखाडीतून छोटी आकृती आली आणि त्याच्याभोवती गोल फिरली. डोक्यावरचे नाव वाचून त्याने माउसवरचा हात उचलला, चटका बसावा तसा.

“ती आहे?”

“रोज असते. तुझ्याकडे तर गवताची पात न् पात दिसेल असलं मशीन आहे. कधी गेला नाहीस?”

मुंगीची आकृती चढणीला लागली होती आणि थांबून मागे पाहत होती. संपादिका स्वयंपाकघराकडे वळली. “चहा टाकते. तू चाल तिच्यामागे. ती मलाच समजतेय, समजू दे.”

गॅस पेटवताना तिला आतून कळांचे आवाज येत होते. एक कळ, मग बराच विराम, मग पुन्हा एक. मग त्याचा आवाज आला.

“ताई, कारंजं का दिसत नाहीये? तिनं मला फोटो पाठवला होता घराचा. रेंडर होत नसेल.”

“फोटोला तू काय उत्तर दिलं होतंस?”

“...अंगठा.”

“होतंय ते रेंडर. कारंजं नाहीच आहे. माझ्या मशीनला जड होईल म्हणून तिनं काढलं. दिवे, कमानी, सगळं. मी मावावी म्हणून.”

ती कप घेऊन दारात आली तेव्हा तो पडद्यापासून थोडा मागे सरून बसला होता. चार भिंतींच्या खोलीत बाक होता, बाकावर मुंगी बसली होती, आणि तिच्यासमोर, आत्याचे नाव डोक्यावर घेऊन, त्याची आकृती नुसती उभी होती. खाली ओळ उमटली :

‘आत्या, बसत का नाहीस?’

“बसायचं कसं?” त्याने विचारले. आवाज लहान झाला होता.

“तुझाच खेळ.”

“आम्ही बसण्याचं टेस्टिंग... ते ऑटोमॅटिक असतं. ताई, कुठली कळ?”

“एक्स.”

त्याने कळ दाबली. क्षणभराने, यंत्राच्या सवडीने, आकृती वाकली आणि मुलीच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवरचा ताण उतरलेला संपादिकेला मागूनही दिसला.

‘विचारलंस का पप्पांना?’ मुंगीने लिहिले. ‘किमान कसं ठरवतात?’

त्याने ताईकडे पाहिले. ताईने कप टेबलावर ठेवला, पंख्याचे तोंड किंचित यंत्राकडे वळवले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मदत करण्यासारखे तिच्याजवळ पुष्कळ होते. त्याला ती नाकारण्याचीही तिची ही पहिलीच वेळ नव्हती. फक्त या वेळी तिला त्यात स्वतःचा राग सापडला नाही.

त्याने काहीतरी टाइप केले आणि पुसले. पुन्हा टाइप केले, पुन्हा पुसले. पडद्यावर मुंगी पाय हलवत बसली होती. यंत्र एवढेच दाखवू शकत होते, आणि तेवढे ते नीट दाखवत होते. मग त्याने एका दमात लिहिले आणि पुसण्याआधी पाठवून दिले.

संपादिकेने नंतर तो पाठकोरा कागद उलगडला आणि ‘आधार काय?’ या आपल्या प्रश्नाखाली ते उत्तर उतरवून घेतले. लिपी तेवढी बदलली. शब्दाला हात लावला नाही, विरामचिन्हही आपले घातले नाही.

‘मुंगी मी आत्या नाही मी पप्पा आहे. किमान म्हणजे आमच्या ऑफिसमधलं सगळ्यात जुनं मशीन होतं बाकी काही नाही. त्याच्या खाली काय चालतं ते मी कधी बघायलाच गेलो नाही’